उंदराचे वाय गुणसूत्र आणि नवऱ्याचा न केलेला रिपोर्ट

सोनिवलीत भात कापून झाले की बांधाच्या बिळांतले उंदीर वस्तीकडे सरकू लागतात. बदलापूर पश्चिमेचे हे गाव. एका अंगाला शेते, दुसऱ्या अंगाला इमारती. त्यामुळे उंदरांना दोन्हीकडचा शिधा मिळतो. धान्याच्या डब्यामागे पळतो तो पिटुकला घरउंदीर, गटारातून वर येतो तो मोठा उंदीर आणि भिंतीचा पाया पोखरते ती घूस. ही सगळी कुरतडणाऱ्या प्राण्यांची मंडळी. चिचुंद्री दिसते उंदरासारखी, पण ती या कुळातली नाही.

याच इमारतींत लग्नाला पाच-सात वर्षे होऊनही मूल नसलेली जोडपी राहतात. त्यांची कहाणी कोणत्याही सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात ऐकू येते. सुनेची सोनोग्राफी झालेली असते, गर्भनलिकांची तपासणी झालेली असते, गोळ्या-इंजेक्शने झालेली असतात, नवस बोलून झालेले असतात. फाइल जाडजूड झालेली असते आणि तिच्यात नवऱ्याच्या नावाचा एकही कागद नसतो.

डब्यामागचा उंदीर आणि ही फाइल यांचा संबंध वाटतो त्यापेक्षा जवळचा आहे. तो जोडणारा दुवा म्हणजे वाय गुणसूत्र.

माणसात गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. तेविसावी जोडी स्त्रीमध्ये एक्स-एक्स आणि पुरुषामध्ये एक्स-वाय अशी असते. आईकडून बाळाला नेहमी एक्सच मिळते. वडिलांचा शुक्राणू एक्स घेऊन आला तर मुलगी, वाय घेऊन आला तर मुलगा. ‘मुलगा होत नाही’ म्हणून सुनेला बोल लावणाऱ्यांनी एवढे एकच वाक्य पाठ केले तरी पुष्कळ आहे.

सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वी सस्तन प्राण्यांच्या पूर्वजांत एक्स आणि वाय ही एक साधी, सारखी जोडी होती. पुढे वायवर नर घडवणारे जनुक आले आणि हळूहळू त्याची एक्सशी होणारी देवाणघेवाण जवळजवळ बंद पडली. इतर गुणसूत्रांत एका प्रतीत चूक झाली तर दुसरीशी अदलाबदल होऊन वाण सुधारू शकते. वायला मात्र जोडीदार नाही. त्यामुळे त्याच्यावर चुका साचत गेल्या आणि जनुके गळत गेली. आज माणसाच्या एक्सवर डीएनएची सुमारे साडेपंधरा कोटी अक्षरे आहेत, तर वायवर सव्वासहा कोटींच्या आसपास. वायचा संपूर्ण क्रम शेवटच्या अक्षरापर्यंत वाचून झाला तो थेट २०२३ मध्ये.

मग वाय टिकले कसे? एक मोठे उत्तर आहे जादा प्रती. पेशी विभागताना डीएनएची नक्कल होते आणि त्यात कधीकधी एखादा तुकडा दोनदा उतरतो. त्या तुकड्यात जनुक असेल तर त्याच्या दोन प्रती होतात. एक प्रत जुने काम सांभाळते आणि दुसरीला नवे काम शिकायला मोकळीक मिळते. उत्क्रांतीत नवी जनुके येण्याचा हा मोठा मार्ग आहे, हे सुसुमु ओहनो या शास्त्रज्ञाने १९७० मध्ये ग्रंथ लिहून ठामपणे मांडले.

वायवर या प्रतींचा आणखी एक उपयोग आहे. शाळेत आपण ‘रामाला भाला मारा’ हे वाक्य उलटसुलट वाचले आहे. माणसाच्या वायवर अशा दोन्हीकडून सारख्या वाचल्या जाणाऱ्या आठ लांबलचक रचना आहेत. त्यांच्या दोन बाजू एकमेकींच्या आरशातल्या प्रतिमा. एका बाजूत बिघाड झाला, तर दुसरी बाजू नमुना म्हणून वापरून तो दुरुस्त करता येतो. जोडीदार नसलेल्या वायने स्वतःच्याच पोटात जोडीदार तयार केला, असे म्हणता येईल.

घरउंदराने ही युक्ती टोकाला नेली. त्याच्या वायचा सविस्तर क्रम २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. केवळ नरात असणारा हा भाग सुमारे नऊ कोटी अक्षरांचा निघाला. त्यावर सुमारे ७०० जनुके सापडली, पण जवळजवळ सगळी फक्त तीन कुटुंबांतली. एकच मजकूर शेकडो वेळा छापावा तसा हा प्रकार. मूळ पूर्वजाकडून आलेला भाग जेमतेम दोन टक्के उरला आहे. मोठ्या उंदराच्या वायवर नर घडवणाऱ्या ‘एसआरवाय’ या जनुकाच्याही अनेक प्रती आहेत. माणसात ती सहसा एकच असते.

इतक्या प्रती कशासाठी? घरउंदराच्या वायवर ‘स्लाय’ नावाचे जनुक आहे आणि एक्सवर त्याचे नातेवाईक ‘स्लक्स’. दोन्हींच्या भरपूर प्रती आहेत आणि दोन्ही शुक्राणू तयार होताना काम करतात. प्रयोगशाळेत स्लायचे काम कमी केले तेव्हा शुक्राणू बिघडले आणि माद्या जास्त जन्मल्या. स्लक्सचे काम कमी केले तेव्हा पारडे नरांकडे झुकले. दोन्ही एकदम कमी केल्यावर बिघाड बराचसा दूर झाला. म्हणजे पुढच्या पिढीत कोण जास्त पोहोचणार यावरून एक्स आणि वाय यांच्यात रस्सीखेच चालू आहे. एकाने प्रती वाढवल्या की दुसऱ्यालाही वाढवाव्या लागतात.

वायच्या या अभ्यासात एका भारतीय शास्त्रज्ञाचे काम मोलाचे आहे. डॉ. लालजी सिंग यांना पट्टेरी मण्यार या सापाच्या मादीच्या लिंग-गुणसूत्रावर डीएनएचे पुन्हा पुन्हा येणारे तुकडे सापडले. तसेच तुकडे उंदराच्या वायवरही दाटीने आढळले. त्यांचा खूण म्हणून वापर करून सिंग आणि केनेथ जोन्स यांनी १९८२ मध्ये एक कोडे उलगडले. काही उंदरांची एक्स-एक्स पिल्ले नर का होतात, हे ते कोडे. त्या उंदरांच्या वायवरील एक तुकडा एक्सवर जाऊन बसत होता. पुढे सिंग हैदराबादच्या पेशी आणि रेण्वीय जीवशास्त्र केंद्राचे संचालक झाले आणि भारतात डीएनए फिंगरप्रिंटिंग रुजवणारे म्हणून ओळखले गेले.

कुरतडणाऱ्या प्राण्यांत वाय पूर्णपणे गमावलेलेही आहेत. जपानच्या अमामी बेटावरच्या काटेरी उंदरात नर-मादी दोघांनाही एकेकच एक्स असते. वाय नाही आणि एसआरवायही नाही. तरीही नर जन्मतात. २०२२ मध्ये कारण सापडले. ‘सॉक्स९’ या जनुकाजवळचा सुमारे १७ हजार अक्षरांचा तुकडा फक्त नरांमध्ये दोनदा आलेला आहे. एसआरवायने करायचे काम या जादा प्रतीने उचलले असावे, असे पुरावे सांगतात.

आता पुन्हा त्या फाइलकडे येऊ. ज्या प्रतींनी वायला तारले, त्याच माणसाला गोत्यातही आणतात. शुक्राणू घडताना दोन दूरचे पण सारखे तुकडे चुकून एकमेकांना चिकटले, तर मधला भाग वगळला जातो. माणसाच्या वायवर ‘एझेडएफ’ नावाचे तीन विभाग शुक्राणूनिर्मितीसाठी आवश्यक आहेत: ए, बी आणि सी. सी विभागात असा लोप सर्वाधिक होतो. त्यात सुमारे ३५ लाख अक्षरे एका फटक्यात गळतात आणि त्यांच्याबरोबर ‘डॅझ’ जनुकाच्या चारही प्रती जातात. साधारण दोन ते चार हजार पुरुषांत एकाला हा लोप असतो. वीर्यात शुक्राणू अजिबात न सापडणाऱ्या पुरुषांपैकी साधारण ५ ते १० टक्क्यांत वायवरचा असा लोप आढळतो. परळच्या राष्ट्रीय प्रजनन आणि बाल स्वास्थ्य संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनीही भारतीय पुरुषांतील या लोपाचा अभ्यास केला आहे.

अशा पुरुषाला बाहेरून काहीच जाणवत नाही. दाढी-मिशा, आवाज, ताकद, शरीरसंबंध सगळे नेहमीसारखे असते. म्हणूनच ‘माझ्यात काय दोष असणार?’ हा प्रश्न प्रामाणिक असतो, पण त्याचे उत्तर आरशात मिळत नाही. मूल न होण्याच्या निम्म्याच्या आसपास प्रकरणांत पुरुषाच्या बाजूचे कारण एकटे किंवा स्त्रीच्या कारणाबरोबर असते.

म्हणून पहिली तपासणी वीर्याची असावी. ती स्वस्त आहे, तिच्यात सुई टोचावी लागत नाही. दोन ते सात दिवस संबंध न ठेवता नमुना द्यायचा असतो. रिपोर्ट बिघडलेला आला तर काही आठवड्यांनी पुन्हा तपासणी करावी. बायकोच्या नलिकांची तपासणी किंवा दुर्बिणीची शस्त्रक्रिया त्यानंतरची. शुक्राणू अजिबात नसतील किंवा एका मिलिलिटरमध्ये ५० लाखांहून फारच कमी असतील, तर डॉक्टर हार्मोन्स, गुणसूत्रे आणि वायवरचा लोप यांच्या तपासण्या सुचवू शकतात. लोपाची तपासणी रक्ताच्या नमुन्यावर होते.

या तपासणीचा फायदा नुसते कारण कळण्यापुरता नाही. सी विभाग गेला असेल तर अनेकांच्या वृषणात शुक्राणू सापडतात आणि ‘इक्सी’ तंत्राने त्यांचा उपयोग करता येतो. ए किंवा बी विभाग पूर्ण गेला असेल तर शुक्राणू मिळण्याची आशा जवळपास नसते. तिथे वृषणाची शस्त्रक्रिया करून शरीर आणि पैसा दोन्ही खर्ची घालण्यात अर्थ नाही. दाता-शुक्राणू किंवा दत्तक हे मार्ग खुले असतात. लोप भरून काढणारे औषध, चूर्ण किंवा काढा अस्तित्वात नाही. तसे सांगून कोणी पैसे मागत असेल तर उठून यावे. इक्सीने झालेल्या मुलाला वडिलांचे तेच वाय मिळते, म्हणजे लोपही मिळतो. मुलीला वाय मिळतच नाही. हे समुपदेशनात आधी सांगितले गेले पाहिजे. उपचार २०२१ च्या कायद्याखाली नोंदणी झालेल्या केंद्रातच घ्यावेत.

कोट्यवधी वर्षे चाललेल्या या नक्कल करण्याच्या धडपडीत कोणाच्या वायवर कोणता तुकडा गळाला, यात त्या पुरुषाचा अपराध नाही. त्याच्या बायकोचा तर नाहीच. मूल हवे असलेल्या जोडप्याच्या फाइलवर पहिल्या दिवसापासून दोघांची नावे असावीत आणि नवऱ्याचा रिपोर्ट तिच्यात सर्वांत आधी लागावा.