साउंडबार आणला, तरी संवाद कळेनात

आवाज कितीही वाढवला तरी मालिकेतले बोलणे कळत नाही, ही तक्रार टीव्ही सपाट झाल्यापासूनची आहे. जुन्या डबा टीव्हीत स्पीकरला ऐसपैस जागा होती. आताच्या बोट-दीड बोट जाडीच्या टीव्हीत स्पीकर बारके असतात आणि बहुधा खाली किंवा मागे तोंड करून बसवलेले असतात. आवाज आधी भिंतीवर आपटतो, मग आपल्यापर्यंत येतो. त्यात व्यंजनांची धार बोथट होते आणि शब्द ओळखू येतात ते मुख्यतः व्यंजनांवरून. त्यामुळे साउंडबार घेण्यात काही चूक नाही. मात्र दुकानात आणि सोसायटीच्या कट्ट्यावर त्याबद्दल जे ठामपणे सांगितले जाते, त्यातले बरेचसे खरे नसते.

‘जास्त वॉट, म्हणजे जास्त स्पष्ट आवाज.’ खोक्यावरच्या आकड्याचे वेड आपल्याकडे जुने आहे. नव्वदच्या दशकात म्युझिक सिस्टिमवर हजारो वॉट ‘पीएमपीओ’ छापलेले असायचे. तो निव्वळ जाहिरातीचा आकडा होता; विचारायचेच असेल तर ‘आरएमएस’, म्हणजे सतत मिळणारे वॉट, विचारावे. तरीही वॉट दुप्पट झाले की आवाज वाढतो फक्त ३ डेसिबलने. कानाला तो दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल, म्हणजे दहापट वॉट लागतात. शिवाय एकूण वॉटपैकी मोठा वाटा बहुतेकदा सबवूफर घेतो आणि त्याच्या धडधडीचा संवादांशी काहीएक संबंध नाही. ज्यांना फक्त बोलणे नीट ऐकू यायला हवे आहे, त्यांनी ३.१ (तीन चॅनल आणि एक सबवूफर) किंवा त्यापुढचा बार बघावा. त्यातला मधला स्पीकर संवादांसाठीच असतो. थोड्या वॉटचा ३.१ बार मला भरमसाट वॉटच्या २.१ पेक्षा केव्हाही बरा वाटतो.

‘ब्लूटूथ आहे ना, मग वायर कशाला?’ गाणी ऐकायला ब्लूटूथ छान. टीव्हीसाठी नाही. आवाज आधी दाबून पाठवायचा आणि पलीकडे पुन्हा उलगडायचा, यात अनेकदा १०० ते २०० मिलिसेकंद जातात. आवाज चित्राच्या सुमारे १२५ मिलिसेकंद मागे पडला की डोळ्यांना तो खटकू लागतो: ओठ मिटतात आणि शब्द मागून येतो. काही टीव्ही ही तफावत सावरून घेतात, पण सगळ्यांना ते जमत नाही. आणि टीव्हीकडून ब्लूटूथने येणारा आवाज सहसा दोन चॅनलचाच असतो, हेही आहेच.

खरा घोळ वायरीचा आहे. ‘एचडीएमआय कुठल्याही पोर्टमध्ये लावली तरी चालते’ असे समजून लोक वायर खुपसतात, बार मुका राहतो आणि दोष बारला दिला जातो. टीव्हीचे एचडीएमआय पोर्ट मुळात चित्र आणि आवाज आत घेण्यासाठी असतात. आवाज बाहेर पाठवण्याची सोय, म्हणजे एआरसी, २००९ मध्ये एचडीएमआय १.४ बरोबर आली आणि ती बहुधा एकाच पोर्टला असते. टीव्हीच्या मागे वाकून ‘एआरसी’ किंवा तिची पुढची आवृत्ती ‘ई-एआरसी’ लिहिलेला पोर्ट शोधावा आणि बारवरही तेच नाव असलेला पोर्ट वापरावा. सेट-टॉप बॉक्सला हात लावायची गरज नाही. तो टीव्हीलाच राहू द्यावा, त्याचा आवाज टीव्हीतून बारकडे जातो.

वायर लावून काम संपत नाही. टीव्हीच्या सेटिंगमध्ये सीईसी चालू करावे लागते. कंपन्यांनी त्याला आपापली नावे दिली आहेत: सॅमसंगचे ॲनीनेट प्लस, एलजीचे सिम्पलिंक, सोनीचे ब्राव्हिया सिंक. ते चालू झाले की टीव्हीच्याच रिमोटने बारचा आवाज कमी-जास्त होतो. मग साउंड आउटपुटमध्ये एआरसी निवडायचे. त्याखाली ‘डिजिटल आउटपुट’ नावाची एक ओळ असते, तिच्याकडे फारसे कोणी बघत नाही. तिथे पीसीएम (टीव्हीनेच उलगडलेला साधा आवाज) असेल, तर पाच स्पीकरचा बार असूनही एआरसीवरून दोनच चॅनल पोहोचतात; तिथे ‘ऑटो’ किंवा ‘पासथ्रू’ हवे. उलट, स्वस्तातल्या बारला डॉल्बी उलगडता येत नसेल आणि एखाद्या ॲपवर आवाजच येत नसेल, तर पीसीएम केल्यावर तो येतो.

एआरसी नसलेल्या जुन्या टीव्हीला ऑप्टिकल वायर चालते. टोकावरची प्लास्टिकची टोपी तेवढी काढावी. ती तशीच ठेवून खटपट करणारे कमी नाहीत. ऑप्टिकलमधून डॉल्बी डिजिटल ५.१ जाते, वरूनही आवाज आल्यासारखा भासवणारे डॉल्बीचे ॲटमॉस जात नाही.

आता ॲटमॉस. ‘त्यासाठी ई-एआरसी लागतेच’ हे पूर्ण खरे नाही. ओटीटीवरचे ॲटमॉस डॉल्बी डिजिटल प्लसमध्ये येते आणि टीव्हीची तयारी असेल तर ते साध्या एआरसीवरूनही जाते. ई-एआरसी लागते ती ब्लू-रे डिस्कवरच्या न दाबलेल्या दर्जाच्या आवाजासाठी. ‘खोक्यावर ॲटमॉस लिहिले की आवाज वरून येणार’ हा आणखी एक भ्रम. अनेक बारमध्ये वर तोंड केलेला स्पीकरच नसतो, तो आहे की नाही हे ३.१.२ मधल्या शेवटच्या २ वरून कळते. आणि तो असला, तरी आवाज सपाट छतावर आदळून खाली यावा लागतो. कोकणातल्या उतरत्या कौलारू घरात त्या दोन स्पीकरांचे पैसे वाया जातात.

सोन्याचा मुलामा दिलेली महागडी केबल घेऊ नये. ‘वायरलेस’ सबवूफरलाही विजेचा प्लग लागतोच, तेव्हा सॉकेट आधी बघून ठेवावे. खोल आवाज कुठून येतो हे कानाला नीट कळत नसल्याने तो सोफ्याशेजारीही चालतो, मात्र कोपऱ्यात नेऊन ठेवला की घुमतो आणि खालच्या मजल्यावरून निरोप येतो. रात्री बारचा नाइट मोड लावावा: स्फोट दबतात, कुजबुज वर येते.