दहाच्या दहा आडव्या!

बोलिंगला पहिल्यांदा आलेला माणूस हमखास जोर लावतो. सगळ्यात जड बॉल उचलायचा, धावत सुटायचं आणि जीव खाऊन फेकायचा. बॉल लेनवर दणकन आपटतो आणि अर्ध्या वाटेतच गटरात जातो. शेजारच्या लेनवर एखादी शाळकरी मुलगी हलका बॉल सावकाश सोडते आणि आठ पिना पाडून जागेवर येऊन बसते. टेनपिन बोलिंगचं मर्म या फरकातच आहे. इथे दंडातल्या ताकदीपेक्षा भाव आहे तो बॉलच्या दिशेला, कोनाला आणि तीच फेक पुन्हा पुन्हा जमवण्याच्या हातोटीला. मुंबई-पुण्याच्या मॉलमध्ये मजा म्हणून खेळणाऱ्यांनाही पुढच्या गोष्टी ठाऊक असल्या, तर मजा दुपटीने वाढेल.

लेनची मापं

बॉल टाकताना जी ओलांडायची नसते, त्या फाउल लाइनपासून पहिल्या पिनेपर्यंतचं अंतर ६० फूट. लेनची रुंदी जेमतेम साडेएक्केचाळीस इंच आणि तेवढ्यात ३९ पट्ट्या. लेन सिंथेटिक असली तरी तिच्यावर या पट्ट्या दिसतात, कारण खेळाडूंचं सगळं गणित त्यांच्यावरच चालतं. पिन १५ इंच उंच, वजन दीड किलोच्या थोडं वर. आत मेपलचं लाकूड, वरून प्लास्टिकचं कवच. बॉलचा व्यास साधारण साडेआठ इंच आणि वजन जास्तीत जास्त १६ पाउंड, म्हणजे ७.२६ किलो. कमीत कमी वजनाला मात्र मर्यादा नाही. त्यामुळे लहान मुलांपासून आजी-आजोबांपर्यंत सगळ्यांना झेपेल असा बॉल मिळतो.

बॉल फक्त चारच पिनांना शिवतो

पिना त्रिकोणात उभ्या असतात: सर्वांत पुढे १ नंबर, तिच्यामागे २ आणि ३, मग ४-५-६ आणि शेवटच्या रांगेत डावीकडून ७-८-९-१०. उजव्या हाताने खेळणाऱ्याने १ नंबरच्या पिनेवर नाकासमोर बॉल मारायचा नसतो. १ आणि ३ यांच्यामधली फट गाठायची असते. तिला म्हणतात पॉकेट. डावखुऱ्यांचं पॉकेट १ आणि २ यांच्यामध्ये.

आता नमुनेदार स्ट्राइक, म्हणजे पहिल्याच बॉलला दहाही पिना आडव्या, जवळून बघू. बॉल १ ला लागतो, मग ३ ला, मग ५ ला आणि शेवटी ९ ला. बस्स, एवढंच बॉलचं काम. बाकीच्या सहा पिना पाडतात त्या पिनाच. १ जाऊन आदळते २ वर, २ आदळते ४ वर आणि ४ घेऊन जाते ७ ला. दुसऱ्या बाजूला ३ पाडते ६ ला आणि ६ पाडते १० ला. ५ नंबरची पिन ८ ला आडवी करते. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच हे सगळं उरकलेलं असतं. या साखळीतली ६ नंबरची पिन जरा वाकडी गेली, की १० नंबरची कोपऱ्यात खुशाल उभी राहते.

सहा अंशांची करामत

बॉल पॉकेटात गेला, तरी तो कोणत्या कोनातून शिरला याला फार महत्त्व आहे. स्ट्राइकसाठी सुमारे सहा अंशांचा कोन उत्तम मानतात. पण लेन एवढी लांब आणि अरुंद आहे, की अगदी कडेवरून सरळ टाकलेल्या बॉललाही दीड-दोन अंशांपलीकडे कोन मिळत नाही. असा बॉल पहिल्या पिनेला लागला की बाहेरच्या बाजूला ढकलला जातो आणि ५ नंबर हुकते. म्हणूनच पट्टीचे खेळाडू बॉल वळवतात. या वळणाला म्हणतात हुक.

हुक काढायला मनगटाला झटका द्यायची गरज नसते. बॉल सोडताना आधी अंगठा बाहेर येतो आणि त्यानंतर मधलं बोट व अनामिका निघतात. अंगठा सुटल्यावर ही दोन बोटं बॉलला बाजूने जी उचल देतात, तिच्यातून फिरकी मिळते. मॉलमधले बॉल बहुधा साध्या प्लास्टिकचे असतात आणि ते फारसे वळत नाहीत. नव्या खेळाडूने त्याचं वाईट वाटून घेऊ नये. सरळ बॉल टाकूनही १३०-१४० चा स्कोअर आरामात होतो.

न दिसणारं तेल

कॅरम बोर्डावर बोरिक पावडर टाकतात, तसं बोलिंगच्या लेनवर तेल पसरतात. पावडर सगळीकडे सारखी हवी. तेल मात्र मुद्दाम कमी-जास्त असतं. मॉलमधल्या लेनवर साधारण पहिल्या ४० फुटांत तेल असतं, मधोमध जास्त आणि कडांना कमी. शेवटचे २० फूट कोरडे. तेलावर बॉल घसरत सरळ जातो, कोरड्यावर आला की पकड घेतो आणि वळतो. खेळ पुढे सरकतो तसं हे तेल बॉलला लागून पुसलं जातं, पुढे वाहून नेलं जातं. पहिल्या गेममध्ये हुकमी वाटणारी फेक तिसऱ्या गेममध्ये चुकायला लागते, त्यामागे बऱ्याचदा तेलच असतं.

चार पावलांची चाल

उजव्या हाताने खेळणाऱ्यासाठी ही चाल अशी:

• पहिलं पाऊल उजवं. त्याच्याबरोबर बॉल पुढे न्यायचा.
• दुसरं डावं. बॉल आपल्याच वजनाने खाली येतो.
• तिसरं उजवं. हात मागे पूर्ण झोक्यात.
• चौथं डावं. हे पाऊल घसरत थांबतं, हात पुढे येतो आणि बॉल सुटतो.

कुठून सुरू करायचं? फाउल लाइनकडे पाठ करून उभे राहा, साडेचार पावलं चाला आणि वळा. हात खांद्यातून मोकळा झुलू द्यायचा. बॉल ढकलायचा नाही, उडवायचा तर नाहीच. गुडघा वाकवून तो लेनवर अलगद ठेवल्यासारखा सोडायचा. फाउल लाइनपलीकडे पाय गेला, तर त्या फेकीत पाडलेल्या पिना धरल्या जात नाहीत.

ऑस्ट्रेलियाच्या जेसन बेलमाँटने मात्र या पाठ्यपुस्तकाला नवं प्रकरण जोडलं. न्यू साउथ वेल्समधल्या ऑरेंज गावात त्याच्या आईवडिलांचं बोलिंग सेंटर होतं. लहानपणी बॉल एका हाताने पेलेना, म्हणून तो दोन्ही हातांनी टाकू लागला आणि मोठेपणीही तसाच खेळत राहिला. अंगठा भोकात न घालता दोन्ही हातांनी बॉलला जबरदस्त फिरकी देणाऱ्या या खेळाडूच्या नावावर आज व्यावसायिक बोलिंगमधली सर्वाधिक मेजर विजेतेपदं आहेत.

नजर पिनांवर नको, बाणांवर

लेनवर फाउल लाइनपासून साधारण १२ ते १६ फुटांवर सात बाण असतात, दर पाच पट्ट्यांवर एक. ६० फुटांवरच्या पिनेवर नेम धरण्यापेक्षा १५ फुटांवरच्या बाणावर धरणं किती सोपं! उजव्या हाताच्या खेळाडूने सुरुवातीला उजवीकडून दुसरा बाण धरावा आणि बॉल त्यावरून जातो का, तेवढंच बघावं.

चूक सुधारायची रीतही सोपी आहे. बॉल डावीकडे जातोय? मग पाय डावीकडे सरकवा, बाण तोच ठेवा. उजवीकडे जातोय? उजवीकडे सरका. बाण १५ फुटांवर आणि त्यापुढे पिना ४५ फुटांवर, म्हणून फाउल लाइनवर एका पट्टीचा बदल केला की पिनांपाशी तो तीन पट्ट्यांचा होतो. कोपऱ्यातली पिन उरली, तर लेन तिरपी ओलांडायची: १० नंबरसाठी डावीकडे उभं राहायचं, ७ नंबरसाठी उजवीकडे.

स्कोअरचं गणित पाच मिनिटांत

एका गेममध्ये दहा फ्रेम, प्रत्येक फ्रेममध्ये दोन बॉल. पहिल्याच बॉलला दहाही पडल्या तर स्ट्राइक: १० गुण, अधिक पुढच्या दोन बॉलचे गुण. दोन बॉल मिळून दहा पडल्या तर स्पेअर: १० गुण, अधिक पुढच्या एका बॉलचे गुण. पिना उरल्याच, तर जेवढ्या पाडल्या तेवढेच गुण.

उदाहरण घेऊ.

• पहिली फ्रेम: ७ आणि २. गुण ९, एकूण ९.
• दुसरी फ्रेम: ८ आणि २, म्हणजे स्पेअर. पुढचा बॉल स्ट्राइक गेला, म्हणून १० + १० = २०. एकूण २९.
• तिसरी फ्रेम: स्ट्राइक. पुढचे दोन बॉल ७ आणि २, म्हणून १० + ९ = १९. एकूण ४८.
• चौथी फ्रेम: ७ आणि २. गुण ९, एकूण ५७.

दहाव्या फ्रेममध्ये स्ट्राइक किंवा स्पेअर झाला, तर बोनस पुरा करायला मिळून तीन बॉल टाकता येतात. म्हणून सलग १२ स्ट्राइक मारले की ३०० होतात. यापेक्षा मोठा स्कोअर नाही. एक स्ट्राइक, एक स्पेअर असं शेवटपर्यंत आलटून पालटून केलं तर बरोबर २०० होतात.

एका पिनेची किंमत

समजा, तुम्ही प्रत्येक फ्रेममध्ये पहिल्या बॉलला ९ पिना पाडल्या आणि उरलेली एक दर वेळी हुकली. एकूण स्कोअर ९०. आता तीच उरलेली पिन दर वेळी पाडली आणि शेवटच्या जादा बॉललाही ९ पाडल्या, तर स्कोअर १९०! एकही स्ट्राइक न मारता. कोपऱ्यातल्या एकट्या पिनेकडे दुर्लक्ष करू नका, असं प्रशिक्षक कानीकपाळी ओरडतात ते यासाठीच.

३६ स्ट्राइक, तरी नामंजूर

१ जुलै १९८२. कॅलिफोर्नियातल्या ला हाब्रा इथे ग्लेन ॲलिसनने लागोपाठ तीन गेममध्ये ३००-३००-३०० केले. सलग ३६ स्ट्राइक, ९०० गुण. पण लेनवरचं तेल नियमाप्रमाणे नव्हतं, असं ठरवून खेळाचे नियम ठरवणाऱ्या अमेरिकन बोलिंग काँग्रेसने या विक्रमाला मान्यता दिली नाही. पहिले अधिकृत ९०० लागले ते १९९७ मध्ये, नेब्रास्कातल्या लिंकन इथे जेरेमी सॉनेनफेल्डच्या नावावर.

सर्वांत अवघड जोडी

मागच्या रांगेतल्या दोन टोकांच्या पिना, ७ आणि १०, उरल्या की भल्याभल्यांना घाम फुटतो. दोघींमध्ये तीन फुटांचं अंतर. एक पाडून ती उसळत दुसरीपर्यंत गेली, तरच जमतं. अमेरिकेतल्या व्यावसायिक स्पर्धांच्या टीव्ही प्रक्षेपणात १९८० मध्ये मार्क रॉथने ते पहिल्यांदा करून दाखवलं. १९९१ मध्ये दोनदा घडलं आणि मग थेट २०२१ मध्ये १८ वर्षांच्या अँथनी नॉयरने ही जोडी पाडली. त्या वेळी समालोचकही आनंदाने ओरडले.

बूट वेगळे का?

भाड्याने मिळणाऱ्या बुटांचे तळ घसरायला सोयीचे असतात, शिवाय बाहेरची धूळ आणि ओल लेनपाशी येत नाही. नियमित खेळणाऱ्यांच्या बुटांचे दोन तळ तर एकमेकांहून वेगळे असतात. उजव्या हाताच्या खेळाडूच्या डाव्या बुटाचा तळ गुळगुळीत, कारण शेवटचं पाऊल त्यावरच घसरतं. उजव्याला रबर, रेटा द्यायला.

पिना उभ्या करणारी पोरं

आज यंत्र काही सेकंदांत पिना मांडतं. पूर्वी हे काम मुलं करायची. पिनांच्या मागे कठड्यावर बसायचं, बॉल येऊन गेला की खाली उडी मारायची, पडलेल्या पिना उचलायच्या, बॉल परत पाठवायचा. छायाचित्रकार लुईस हाइनने १९१० च्या सुमाराला न्यूयॉर्कसह अनेक ठिकाणी रात्री उशिरापर्यंत राबणाऱ्या या मुलांचे फोटो टिपले. अमेरिकेतल्या बालमजुरीविरोधी लढ्यात असे फोटो मोलाचे ठरले. १९४६ मध्ये बफेलो इथे एएमएफ कंपनीने पिना मांडणारं स्वयंचलित यंत्र लोकांपुढे आणलं, १९५२ पासून ते बोलिंग सेंटरांत बसू लागलं आणि मुलांचं हे काम हळूहळू संपलं. बोलिंगच्या इतिहासातली ही सर्वांत चांगली घटना.

झटपट चार

• १८४१ मध्ये अमेरिकेतल्या कनेटिकटने जुगारामुळे नऊ पिनांच्या खेळावर बंदी घातली. कायद्याला बगल द्यायला दहावी पिन आली, अशी आख्यायिका आहे. दहा पिनांचे उल्लेख मात्र त्याआधीचेही सापडतात.
• जिथे तिथे वेगळे असलेले नियम सारखे झाले ते ९ सप्टेंबर १८९५ रोजी न्यूयॉर्कच्या बीथोव्हन हॉलमध्ये अमेरिकन बोलिंग काँग्रेस स्थापन झाल्यानंतर.
• व्हाइट हाउसमध्ये ट्रूमन यांच्या काळात, १९४७ मध्ये बोलिंग आलं. १९७३ मध्ये निक्सन यांनी तळघरात नवी लेन बांधून घेतली.
• जपानच्या इनाझावा ग्रँड बोलमध्ये एकाच मजल्यावर ११६ लेन आहेत. आशियाई खेळांत बोलिंग १९७८ मध्ये बँकॉकला आलं. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये ते प्रदर्शनीय खेळ म्हणून झालं.

पहिल्यांदा जाताना

आपल्या वजनाच्या साधारण दहाव्या हिश्शाएवढा बॉल निवडा. जड वाटला तर बेलाशक हलका घ्या. अंगठा भोकातून न अडकता निघायला हवा. रॅकवरून बॉल दोन्ही हातांनी, बाजूंनी धरून उचला, म्हणजे मागून येणाऱ्या बॉलखाली बोटं सापडणार नाहीत. शेजारच्या लेनवर कुणी सरसावलं असेल, तर त्याला आधी टाकू द्या. आणि पहिले काही गेम स्ट्राइक मोजूच नका, स्पेअर मोजा. उरलेल्या पिना पाडायची सवय लागली, की बाणावरची नजर आणि हाताचा झोका आपोआप बसतो. स्ट्राइक त्याच्या मागोमाग येतातच.