वैशाखातले गरवणे : रूढ समज आणि वस्तुस्थिती

चैत्र-वैशाखात मुंबई-पुण्याकडची मंडळी सुट्टीच्या निमित्ताने कोकणात उतरली, की बाणकोटपासून तेरेखोलपर्यंतच्या खाड्यांतून एक नवा उद्योग दृष्टीस पडतो. पिढ्यान्‌पिढ्या दर्यावर पोट भरणाऱ्या घराण्यातला एखादा गाबीत, खारवी, भोई किंवा दालदी नाखवा चार-दोन पाहुण्यांना आपल्या होडीत घेतो, त्यांच्या हाती रॉड आणि रीळ अथवा नुसता तंगूस आणि गळ देतो, आणि किनारा दृष्टिआड होऊ न देता खाडीच्या मुखाशी, खडपांच्या लगत किंवा कांदळवनाच्या कडेकडेने त्यांच्याकडून मासे गरवून घेतो. उद्योग चांगला आहे आणि त्यात गावच्या माणसाच्या ज्ञानाला मोल मिळते. म्हणूनच त्याच्याविषयी पाहुण्यांच्या, आणि क्वचित खुद्द व्यवसाय करणारांच्याही, मनात जे ग्रह पक्के होऊन बसले आहेत त्यांची छाननी अगत्याने केली पाहिजे. यांतील काही ग्रहांनी पाहुण्याचा हिरमोड होतो एवढेच. परंतु काहींनी माणसाच्या जिवावर आणि माशाच्या वंशावर बेतते.

सर्वांत रूढ समज असा, की उन्हाळ्यात उथळ पाणी तापते, मासा खोल समुद्रात निघून जातो, आणि मे महिन्यात गळ टाकून बसणे हा निव्वळ कालापव्यय होय. यात सत्याचा अंश आहे, पण तो अंशच आहे. मे महिन्यात कोकण किनाऱ्यालगत अरबी समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान ३० अंश सेल्सिअसच्या आसपास पोचते. वीस अंशांच्या समुद्रजलात दर लिटरमागे सुमारे साडेसात मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, तर तीस अंशांना ते प्रमाण सहाच्या जरासे वर उरते; उलटपक्षी माशाच्या शरीरातील व्यापार उष्णतेबरोबर वाढत असल्यामुळे त्याची प्राणवायूची गरज त्याच वेळी चढत जाते. आवक घटलेली आणि खर्च वाढलेला, अशा अवस्थेत मासा दुपारी हालचाल आवरून सावलीत, खडपाच्या कपारीत किंवा खाडीच्या खोल डोहात स्वस्थ राहतो. परंतु त्याला भूक मात्र लागतच असते, किंबहुना थंडीपेक्षा अधिक लागते. ती भूक तो पहाटे, तिन्हीसांजेला आणि रात्री भागवितो. सकाळची न्याहारी उरकून दहा वाजता होडीत बसणाऱ्या पाहुण्याला खाडी रिकामी वाटते, याचे कारण एवढेच, की तो अवेळी आलेला असतो.

याच ऋतूत खाडीच्या पोटात आणखी एक स्थित्यंतर घडत असते. पावसाळ्यात नद्यांच्या पुराने समुद्राकडे रेटले गेलेले खारे पाणी, नद्या आटल्या म्हणजे भरतीबरोबर कोसच्या कोस आत शिरते, आणि काजळी, मुचकुंदी किंवा वाघोटण यांच्या खाड्या वैशाखात फार आतपर्यंत समुद्राइतक्याच खाऱ्या होतात. त्या खाऱ्या पाण्याच्या मागोमाग बोयट आणि कोळंबी, आणि त्यांच्या मागोमाग त्यांना खाणारी तांबोशी आणि जिताडा, हे सारे खाडीत वर सरकतात. वाशिष्ठीची गोष्ट मात्र निराळी. कोयनेच्या वीजगृहांतून पोफळीच्या बाजूस उतरणारे पाणी तिच्यात ऐन उन्हाळ्यातही येत असल्यामुळे दाभोळच्या खाडीत गोड्या-खाऱ्याची सीमा इतर खाड्यांप्रमाणे आत जात नाही. शेजारच्या दोन खाड्यांचे गणित एकच असेल असे गृहीत धरणारा मनुष्य येथे फसतो, आणि त्या त्या खाडीवर जन्म काढलेल्या नाखव्याला सोबत घेण्याचे खरे प्रयोजनही येथेच कळते.

आता भरतीविषयी. शहरी पाहुण्याची अशी दृढ समजूत असते, की खाडी तुडुंब भरली म्हणजे मासे पुष्कळ मिळावयाचे, आणि म्हणून तो पूर्ण भरतीची वेळ विचारून घेऊन बरोबर त्या वेळी धक्क्यावर हजर होतो. वस्तुतः पाणी पूर्ण भरले म्हणजे ते घटकाभर थबकते, आणि थबकलेल्या पाण्यात मासाही थबकतो. शिकारी माशाचे सारे जीवित वाहत्या पाण्यावर बेतलेले आहे: प्रवाह दुबळ्या कोळंबीला आणि पिल्लांना आपल्याबरोबर ओढून आणतो, आणि मोठा मासा खडपाच्या आडोशाला किंवा खोडामुळांच्या आड तोंड प्रवाहाकडे करून त्यांची वाट पाहतो. भरती-ओहोटीच्या सहा तासांत पाण्याचा वेग सारखा नसतो; ते आरंभी सावकाश हलते, तिसऱ्या आणि चौथ्या तासात मिळून एकूण चढउताराच्या सुमारे निम्मे चढते अथवा उतरते, आणि अखेरीस पुन्हा मंदावते. त्यातही सुकती, म्हणजे ओहोटी, लागली की कांदळवनात पसरलेले पाणी लहान लहान ओहळांतून मुख्य पात्रात परतू लागते, आणि तेथे लपलेल्या बोयटांच्या पिल्लांना त्याच्याबरोबर बाहेर यावेच लागते. अशा ओहळाच्या तोंडाशी सुकतीचे पहिले दोन-तीन तास होडी नांगरून बसणे, ही जाणत्या नाखव्याची रीत आहे. पाहुणा आतुरतेने दोरी फेकू लागला, की तो त्याला शांतपणे म्हणतो, ‘‘साहेब, पाणी फिरू द्या जरा.’’ या एका वाक्यात त्याची सारी विद्या सामावलेली असते, आणि पाहुण्याने पैसे मोजावयाचे ते याच विद्येसाठी.

भरतीची वेळ काढण्याचा एक हिशेब आमच्या किनाऱ्यावर फार पूर्वीपासून चालत आलेला आहे, आणि तो अडाणी अंदाज होय अशी जी शिकलेल्या लोकांची भावना असते ती निराधार आहे. तिथीच्या अंकाची पाऊणपट करावी, म्हणजे पूर्ण भरतीचे तास मिळतात: चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. चंद्राच्या गतीमुळे भरती दररोज सरासरी पन्नास मिनिटे पुढे जाते. पाऊण तासाचा हा आडाखा त्या सत्याच्या किती जवळ आहे, हे कोणीही पडताळून पाहावे. मात्र त्याच्या मर्यादाही ध्यानात ठेवाव्यात. हा हिशेब मुंबईच्या आसपासच्या पाण्याला चांगला लागू पडतो. गोव्याकडे भरती त्याहून अगोदर येते, आणि कोणत्याही खाडीत आत जावे तसतशी ती मुखापेक्षा उशिरा पोचते. भारतीय सर्वेक्षण विभाग भरती-ओहोटीची कोष्टके दरवर्षी छापतो, आणि मुंबईच्या अपोलो बंदरातील समुद्रपातळीची नोंद तर १८७८ पासूनची आहे; परंतु कोष्टकातली वेळ बंदराची असते, आपल्या खाडीच्या तिसऱ्या वळणाची नसते. त्या वळणाचा दाखला तेथे वावरणाऱ्या माणसाकडेच मिळावयाचा.

अमावास्या-पौर्णिमेचे उधाण गरवण्यास सर्वोत्तम, हा समजही सरसकट खरा नाही. मुंबईकडे उधाणाच्या दिवशी पाण्याचा चढउतार चार मीटरांहून अधिक असतो, गोव्याकडे तो सुमारे दोन मीटरांवर येतो. उत्तरेकडच्या चिखलाच्या खाड्यांत उधाणाचे पाणी तळाचा गाळ उसळवून इतके गढूळ होते, की डोळ्यांनी शिकार हेरणाऱ्या माशाला आमिष दिसतच नाही. तेथे अष्टमी-नवमीच्या भांगाचे, म्हणजे कमी चढउताराचे, निवळ पाणी बरे. दक्षिणेस सिंधुदुर्गात, वाळूच्या आणि खडपाच्या तळावर, उधाणाचा तोच प्रवाह उपकारक ठरतो.

पैसे दिले म्हणजे मासा मिळालाच पाहिजे, या समजुतीविषयी फार लिहावयास नको. नाखवा वेळ, जागा आणि अनुभव देऊ शकतो. मासा देण्याची हमी जो घेतो त्याच्यापासून सावध राहावे, कारण ती पुरी करण्यासाठी तो नको तेथे आणि नको तेवढे मासे मारील.

किनारा दिसत असला म्हणजे भय नाही, हा ग्रह त्याहून पुष्कळ अधिक घातक आहे. उन्हाळ्यात सकाळी जमिनीवरून मतलई वाहत असते आणि समुद्र आरशासारखा असतो. दुपार कलू लागली, की वायव्येचे खारे वारे जोर धरतात. त्याच वेळी सुकती लागलेली असेल, तर खाडीच्या मुखावरील वाळूच्या दांड्यावर बाहेर धावणारे पाणी आणि आत येणारी लाट समोरासमोर आदळून अशा उभ्या, आखूड लाटा उठतात, की भर समुद्रात निर्धास्त फिरलेली होडी तेथे उलटू शकते. म्हणून परतीची वेळ वारा आणि पाणी पाहून नाखव्याने ठरवावी, आणि पाहुण्याने ती मुकाट्याने मानावी. अंगात लाइफ जॅकेट असलेच पाहिजे. उकडते म्हणून ते पायाशी टाकून ठेवणे म्हणजे ते नसल्यासारखेच. होडीला प्रवासी नेण्याचा परवाना आहे की नाही, हे विचारण्यात संकोच कसला? मे महिन्याच्या अखेरीस बंदर अधिकाऱ्यांच्या हुकुमाने प्रवासी होड्या बंद होतात, त्यानंतर कोणी ‘‘अजून पाऊस कुठे पडलाय’’ म्हणून बोलावले, तरी जाऊ नये. पाऊस दिसण्याच्या कित्येक दिवस आधी दूरच्या वादळाचा फुगवटा किनाऱ्याला येऊन लागतो.

दंशाविषयीही चुकीच्या कल्पना आहेत. शिंगाळ्याच्या पाठीवरचा काटा आणि पाकटाच्या शेपटीवरची नांगी यांनी झालेल्या जखमेवर बर्फ लावण्याकडे शहरी माणसाचा स्वाभाविक कल असतो. परंतु या माशांचे विष प्रथिनमय असून ते उष्णतेने निकामी होते. म्हणून जखम स्वच्छ करून तो अवयव, भाजणार नाही पण सोसवेल इतक्या, म्हणजे सुमारे ४५ अंशांपर्यंतच्या गरम पाण्यात अर्धा ते दीड तास बुडवून ठेवल्यास वेदना उतरते. काटा खोल रुतला असेल, विशेषतः छातीत किंवा पोटात, तर तो स्वतः उपटून न काढता रुग्णालय गाठावे. उथळ वाळूत चालताना पाय उचलून न टाकता घासत न्यावेत, म्हणजे खाली दडलेले पाकट आधीच निघून जाते.

कायद्याच्या बाबतीत दोन परस्परविरुद्ध समज आढळतात: कोणी म्हणतो गळाला कसलाच कायदा नाही, कोणी म्हणतो पावसाळ्यात सर्व मासेमारी बंद. महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम १९८१ सालचा आहे. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै ही एकसष्ट दिवसांची बंदी यांत्रिक नौकांना लागू होते आणि बिगरयांत्रिक पारंपरिक होड्या तीतून वगळलेल्या आहेत. मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ पासून आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरातील त्याच्या गाभ्याच्या क्षेत्रात मासेमारीस मज्जाव आहे, आणि तेथे गळही मासेमारीतच मोडतो.

परंतु कायदा जेथे मौन धरतो तेथे माझी खरी कळकळ आहे, आणि ती जिताड्याविषयी. गोव्यात ज्याला चणक म्हणतात तो हा मासा, गरवणारांचे परमप्रिय सावज. मोठ्यात मोठा धरावा आणि त्याच्याबरोबर छायाचित्र घेऊन तो घरी न्यावा, लहानांना मात्र दयेने सोडावे, अशी सर्वमान्य नीती आहे. इतर कित्येक माशांच्या बाबतीत ती योग्यही आहे, पण जिताडा जन्मतो आणि वाढतो तो बहुधा नर म्हणून; तीन-चार वर्षांचा होऊन नर म्हणून प्रजननात भाग घेतल्यानंतर, आणखी काही वर्षांनी त्याचे मादीत रूपांतर होते. म्हणजे दहा-बारा किलोंचा जो जिताडा आपण विजयचिन्ह म्हणून उचलतो, तो जवळजवळ निश्चितपणे मादी असतो, आणि अशी एक मादी एका हंगामात लक्षावधी अंडी घालते. तिचा हा हंगाम पावसाळ्याच्या तोंडाशी, खाडीच्या मुखाजवळच्या खाऱ्या पाण्यात येतो. १ जून अद्याप उजाडलेला नाही म्हणून मेच्या मध्यावर ती मारणे कायदेशीर असेल. परंतु त्या खाडीतील पुढल्या पिढीचा केवढा भाग त्या एका घावाने जातो, याचा विचार ज्याने केला आहे त्याला ते करवणार नाही. खडपातल्या गोबऱ्याची रीत याच्या उलट आहे, तो आधी मादी आणि मग नर होतो. तेथे केवळ मोठे मारीत गेल्यास नरांचा तुटवडा पडतो.

सोडलेला मासा तसाही मरतोच, मग तो का सोडावा, हा युक्तिवाद यावर हमखास केला जातो. तो मरतो की जगतो हे बव्हंशी धरणाराच्या हातात असते, आणि उन्हाळ्यात अधिकच. कारण दमलेल्या माशाला पुन्हा श्वास सावरण्यासाठी लागणारा प्राणवायू कोमट पाण्यात आधीच कमी असतो. जिवंत आमिष वापरताना टोक आत वळलेला वर्तुळाकार गळ घ्यावा, तो बहुधा जबड्याच्या कोपऱ्यात अडकतो, आतड्यापर्यंत जात नाही. तंगूस पुरेसा जाड ठेवून मासा लवकर काठाशी आणावा, खेळवीत बसू नये. हात आधी ओले करावेत, म्हणजे त्याच्या अंगावरचे रक्षक बुळबुळीत आवरण निघत नाही. मोठा मासा जबड्याला धरून उभा टांगू नये. शक्यतो तो पाण्यातच ठेवून गळ सोडवावा, आणि गळ खोल गेला असेल तर आत बोटे न घालता तंगूस तोंडाशी कापावा. मग त्याला प्रवाहाकडे तोंड करून, तो स्वतः शेपटी मारीपर्यंत धरून राहावे.

ज्याला जिताडा खावयाचाच आहे त्याने रायगडात अलिबाग-पेणच्या खारेपाटात जावे. तेथील शेतकरी पावसाळ्यात खाडीतून येणारी पिल्ले आपल्या तळ्यांत सोडून वाढवितात. शिवाय चेन्नईच्या केंद्रीय निमखारे पाणी मत्स्यपालन संस्थेने १९९७ साली या माशाचे प्रजनन बंदिस्त पाण्यात घडवून आणल्यापासून त्याचे बीज उबवणीगृहांतूनही मिळू लागले आहे. खाडीवर गरवून घरी न्यावयाचे ते रेणवी, बोयट आणि शिंगाळा न्यावेत, तेही त्या दिवशीच्या जेवणापुरतेच.