पूर्वपरीक्षा : तालीम की चाळणी?

दहावीत असताना आमच्या घरात एक वाक्य रोज कानांवर पडे. "घाबरू नको रे, ही काय खरी परीक्षा न्हवं, प्रिलिमच हाय!" आईच्या या वाक्याने धीर येई आणि थोडा आळसही येई. तेच वाक्य मनात धरून मी पुढे एक मोठी चूक केली. म्हणून हा शब्दांचा लहानसा विचार आपल्यापुढे मांडत आहे.

'परीक्षा' हा शब्द संस्कृत. 'परि' म्हणजे सभोवार आणि 'ईक्ष्' म्हणजे पाहणे. चहूबाजूंनी पाहणे ती परीक्षा. कानडीतही तोच शब्द 'परीक्षे' होऊन नांदतो. मात्र मुख्य परीक्षेच्या आधी ज्या लहानमोठ्या परीक्षा होतात, त्यांच्या नावांचा आपण फारसा विचार करीत नाही.

सर्वांत धाकटी 'चाचणी'. एका धड्यावर किंवा घटकावर वीस-पंचवीस गुणांचे प्रश्न विचारायचे आणि मुलाला कितपत उमगले आहे ते पाहायचे. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ती हीच. भात कच्चा निघाला तर आणखी शिजवायचा. भांडे कोणी ओतून देत नाही.

दुसरी 'सराव परीक्षा'. शाळेतली प्रिलिम किंवा पूर्वपरीक्षा याच जातीची. वेळ तितकाच, प्रश्नपत्रिकेचा नमुना तोच, पण गुण अंतिम निकालात धरीत नाहीत. नाटकवाल्यांची रंगीत तालीमच म्हणा ना! रंग, पोशाख, दिवे सगळे असते, फक्त तिकीट काढलेला प्रेक्षक नसतो. वाक्य चुकले तरी उद्याचा प्रयोग होतोच.

तिसरी मात्र वेगळ्या कुळातली, आणि घोटाळा येथेच होतो. केंद्रीय लोकसेवा आयोगाने कोठारी समितीच्या शिफारशीवरून १९७९ पासून नागरी सेवांसाठी आधी एक परीक्षा ठेवली. तिचे मराठी नाव 'पूर्व परीक्षा'. आज तिच्यात प्रत्येकी २०० गुणांच्या दोन प्रश्नपत्रिका असतात. दुसरीत ३३ टक्के मिळाले की पुरे; निवड पहिलीच्या गुणांवर ठरते. भरावयाच्या जागांच्या साधारण बारा-तेरा पट उमेदवार मुख्य परीक्षेला घेतले जातात. बाकीच्यांना त्या वर्षापुरते दार बंद!

हिचेही गुण अंतिम यादीत धरीत नाहीत. शाळेतल्या प्रिलिमशी साम्य आहे ते एवढेच, आणि तेच फसवते. प्रिलिममध्ये नापास झालेला मुलगा वार्षिक परीक्षेला बसू शकतो. येथे नापास झालेला मुख्य परीक्षेच्या मांडवातही जाऊ शकत नाही. एकीचे काम तयार करण्याचे, दुसरीचे काम गाळण्याचे. एक तालीम, दुसरी चाळणी. दोघींना आपण एकच नाव दिले.

दोष 'पूर्व' या शब्दाचा नाही. आपल्या कानांना त्याची सवय वेगळी आहे. कीर्तनाला उशिरा पोचणारा मनाशी म्हणतो, 'पूर्वरंग चुकला तर चुकला, आख्यान तर मिळेल.' पूर्व म्हणजे नुसती प्रस्तावना, अशी आपली समजूत.

मीही त्याच समजुतीने बी. ए.च्या शेवटच्या वर्षी अर्ज भरला आणि पुस्तक फारसे न उघडता धारवाडच्या केंद्रावर जाऊन बसलो. दुपारी दोन पेपरांच्या मधल्या सुट्टीत शेजारच्या बाकावरच्या एका कानडी तरुणाने विचारले, "कितवी खेप?" मी ऐटीत म्हणालो, "ही धरायची नाही. सराव म्हणून बसलोय." तो हसला नाही. शांतपणे म्हणाला, "ही पण मोजतात." माझ्या घशाखाली चहा उतरेना. नियम खरोखरच तसा आहे. पूर्व परीक्षेचा एक पेपर दिला तरी एक प्रयत्न संपतो. सर्वसाधारण प्रवर्गाला वयाच्या ३२ वर्षांपर्यंत असे सहाच प्रयत्न. त्यांतला एक मी 'बसून बघण्यात' घालवला होता.

परतताना त्याच तरुणाकडून एक गोष्ट कळली. कानडीत शाळेतल्या प्रिलिमला 'पूर्वसिद्धता परीक्षे' म्हणतात, आणि आयोगाच्या परीक्षेला 'पूर्वभावी परीक्षे'. एक तयारीची, दुसरी आधी होणारी. दोन कामे, दोन नावे. या मासिकाच्या पलीकडच्या पानांवरून आपण घ्यावे असे पुष्कळ आहे, त्यांतले हे एक.

मराठीतही शब्द नाही असे नाही. महाराष्ट्र लोकसेवा आयोग काही पदांसाठी 'चाळणी परीक्षा' घेतो. किती बोलका शब्द! तो ऐकून कोणी आळसावणार नाही. 'पूर्व परीक्षा' हे सरकारी नाव बदलणे आपल्या हाती नाही. पण बोलताना 'चाळणी' म्हणायला काय हरकत आहे?

तेव्हा मित्रहो, परीक्षेच्या नावापुढे 'पूर्व' दिसले की आधी दोन प्रश्न विचारा. हिच्यात नापास झालो तर पुढची देता येईल का? आणि ही खेप मोजली जाते का? उत्तरे अधिसूचनेत असतात, शेजाऱ्यांच्या बोलण्यात नसतात.

यंदा मी पुन्हा अर्ज भरला आहे. आई म्हणाली, "प्रिलिमच की रे!" मी म्हणालो, "न्हवं आई, चाळणी हाय." तिने तांदळाची चाळणी खाली ठेवली, माझ्याकडे पाहिले, आणि म्हणाली, "मग अभ्यासाला बस."