अक्षर आणि शेजार

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात बंद पडलेला पॉवर सप्लाय टेबलावर आला, की मुरलेला मेकॅनिक आधी त्याचा सर्किट डायग्राम मागतो. रेझिस्टर, कपॅसिटर, डायोड ही ओळखीची मंडळी. शिकाऊ पोरगा अडतो तो फ्यूजच्या पलीकडे. तिथे एक आयत, त्याला छेदणारी तिरकी रेघ, रेघेच्या टोकाला छोटा आडवा पाय.

हे चिन्ह एकटं काहीच सांगत नाही. शेजारी ‘उणे टी’ असेल तर तो एनटीसी थर्मिस्टर, ‘यू’ असेल तर व्हॅरिस्टर. अक्षर पुसट असेल तर जोडणी बघायची. एनटीसी फेजच्या वाटेतच, सिरीजमध्ये उभा असतो. बटण दाबताच रिकामा मोठा कपॅसिटर जो करंट ओढतो, तो थंड एनटीसी रोखतो आणि मग तापून वाट मोकळी करतो. व्हॅरिस्टर फेज आणि न्यूट्रलच्या मध्ये आडवा. २३० व्होल्टच्या लाइनचं शिखर ३२५ च्या आसपास, म्हणून ४७० व्होल्टचा व्हॅरिस्टर एरवी गप्प बसतो.

प्रत्यक्ष बोर्डावर मात्र दोघंही गोल चकत्या! तिथे अंगावरचा नंबर वाचावा लागतो. ‘५डी-९’ म्हणजे २५ अंशांना ५ ओहम, व्यास ९ मिलिमीटर. ‘१४डी४७१’ म्हणजे १४ मिलिमीटर आणि ४७ पुढे एक शून्य, ४७० व्होल्ट.

खरी फसगत पुढे, ऑप्टोकपलरपाशी होते. चिन्ह झेनरचं, पण बाजूने तिसरी तार. बोर्डावर शोधावं तर तीन पायांचा ट्रान्झिस्टर दिसतो. तो दोन्ही नव्हे, तो टीएल४३१. तिसऱ्या पायावरचं व्होल्टेज साधारण २.५ च्या वर सरकलं की तो ऑप्टोकपलरच्या एलईडीतून जास्त करंट ओढतो, आणि आउटपुट ताळ्यावर येतं. मल्टिमीटरवर ट्रान्झिस्टर म्हणून तपासून त्याला खराब ठरवणं हा निव्वळ अन्याय.

काही चिन्हांना तर वस्तूच नसते. एकमेकांवर रोखलेली दोन बाणांची टोकं म्हणजे स्पार्क गॅप. बोर्डावर त्या जागी अनेकदा फक्त तांब्याची दोन टोकदार पात्यं समोरासमोर कोरलेली असतात.

अमेरिकी पद्धतीत रेझिस्टर नागमोडी, आयईसी ६०६१७ प्रमाणे आयत. हा फरक एका दिवसात अंगवळणी पडतो. त्यापेक्षा चिन्हाजवळचा क्रमांक पार्ट्स लिस्टमध्ये शोधायची सवय लावा. तिथे नाव सरळ लिहिलेलं असतं. फक्त झेरॉक्स घेताना ते पान गाळू नका.