पाळीव कुत्र्यांची अविचारी पैदास व निर्बीजीकरण

घरात पाळलेल्या कुत्रीला एकदा तरी पिल्ले व्हावीत, त्यावाचून तिची प्रकृती व स्वभाव नीट राहत नाही, अशी समजूत अनेक सुशिक्षित कुटुंबांतही आढळते. या समजुतीला शरीरक्रियाविज्ञानाचा आधार नाही. तथापि तिच्यापोटी, पिल्लांच्या पुढील व्यवस्थेचा विचार न करता जी पैदास होऊ दिली जाते, तिचे परिणाम एका घरापुरते मर्यादित राहत नाहीत.

कुत्री साधारणतः सहा ते बारा महिन्यांच्या वयात प्रथम माजावर येते. गर्भावधी सुमारे ६३ दिवसांचा असतो. एका वेतात सहा पिल्ले झाली, त्यांपैकी तीन माद्या निघाल्या आणि पुढील वर्षी आई व त्या तिघी प्रत्येकी एकदाच व्याल्या असे मानल्यास, दोन वर्षांत तीस पिल्लांना घरे शोधावी लागतील. प्रत्यक्षात संख्या इतकी वाढत नाही, कारण पुष्कळ पिल्ले लहानपणीच दगावतात. परंतु संख्येला आवर घालण्याचे काम उपासमार, रोग व वाहने यांच्यावर सोपविणे, ही व्यवस्था पशुपालनाच्या कोणत्याही नीतीत बसणारी नव्हे.

नर पिल्ले परिचितांत वाटली जातात. मादी पिल्ले मात्र पुढील वेतांच्या धास्तीने नाकारली जातात व अनेकदा बाजारात किंवा गावाबाहेर सोडली जातात. त्यांतील जी जगतात ती रस्त्यावर वितात. रेबीजच्या प्रतिबंधासाठी सुमारे ७० टक्के कुत्र्यांना लस टोचलेली असणे आवश्यक मानले जाते. लस न टोचलेल्या पिल्लांची सतत भर पडत राहिल्यास हे प्रमाण टिकविणे दुरापास्त होते.

निर्बीजीकरणात पूर्ण भूल देऊन मादीची अंडाशये व बहुधा गर्भाशयही, आणि नराची वृषणे काढली जातात. माजानंतर, गर्भ राहो वा न राहो, सुमारे दोन महिने प्रोजेस्टेरॉनचे प्रमाण वाढलेले असते. त्यामुळे गर्भाशयाचे अस्तर जाड होते व जंतुसंसर्ग झाल्यास आत पू साचतो. उतारवयातील मादीला प्राणघातक ठरणारा हा विकार निर्बीजीकरणाने बहुतांशी टळतो. स्तनांच्या अर्बुदांविषयी १९६९ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, पहिल्या माजापूर्वी शस्त्रक्रिया झालेल्या मादीत हा धोका अनिर्बीजित मादीच्या तुलनेत ०.५ टक्का, तर एका माजानंतर ८ टक्के आढळला. मात्र २०१२ साली झालेल्या समीक्षेने या विषयावरील एकंदर पुरावा दुर्बल ठरविला; म्हणून हे आकडे जपूनच वापरले पाहिजेत.

शस्त्रक्रियेला काही मर्यादाही आहेत. तीनंतर वजन वाढण्याची प्रवृत्ती दिसते व आहार बेताचा ठेवावा लागतो. गोल्डन रिट्रीव्हर जातीवरील २०१३ सालच्या अभ्यासात, एक वर्षाच्या आत शस्त्रक्रिया झालेल्या कुत्र्यांत सांध्यांचे काही विकार अधिक आढळले. यावरून निर्बीजीकरण टाळावे असे सिद्ध होत नाही; जात व शरीराचे आकारमान पाहून पशुवैद्याच्या सल्ल्याने वय ठरवावे, एवढेच सिद्ध होते.

भारतात या जबाबदारीची वाटणी नियमांनीच केली आहे. २००१ सालच्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांनी पाळीव कुत्र्याची नियंत्रित पैदास, लसीकरण व निर्बीजीकरण यांची जबाबदारी मालकावर टाकली; त्यांच्या जागी आलेल्या २०२३ सालच्या नियमांतही लसीकरण व निर्बीजीकरण यांचा भार मालकावरच आहे. विक्रीसाठी पैदास करणाऱ्यांना २०१७ सालच्या नियमांनुसार नोंदणी आवश्यक असून आठ आठवड्यांखालील पिल्लू विकता येत नाही.

जातिवंत पैदास करणारा जाणता मनुष्य आनुवंशिक दोष तपासतो आणि पिल्लांची घरे आधी ठरवितो. ज्या मालकाला हे शक्य नाही, त्याने आपल्या कुत्र्याचे वेळीच निर्बीजीकरण करून घेणे हेच त्या प्राण्याच्या व समाजाच्या हिताचे होय. पिल्लू दुसऱ्याच्या हाती दिल्याने त्याच्या जन्माचे उत्तरदायित्व संपत नाही.