सळई (पाककला)

हा लेख अन्न भाजण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या धातूच्या सळईविषयी आहे. बांधकामात वापरली जाणारी लोखंडी सळई ही वेगळी वस्तू असून ती स्वयंपाकासाठी योग्य नाही.

सळई (अन्य नावे: सळी, शीग, सीख) हे मांस, मासे, पनीर किंवा भाज्यांचे तुकडे ओवून ते विस्तवावर भाजण्याचे साधन आहे. तंदुरी पद्धतीच्या स्वयंपाकात सळई केवळ आधार देत नाही. तुकडा सर्व बाजूंनी सारखा भाजला जाईल की एका बाजूने करपून दुसऱ्या बाजूने कच्चा राहील, हे बऱ्याच अंशी सळईच्या आकारावर अवलंबून असते. आंबट मसाला आणि निखाऱ्यांची उष्णता यांच्याशी तिचा थेट संबंध येत असल्यामुळे ती कोणत्या धातूची आहे, हा प्रश्न आरोग्याशीही निगडित आहे.

नाव

मराठीतील ‘सळई’ हा शब्द संस्कृत ‘शलाका’ या शब्दापासून आला आहे. ‘सीख’ हा शब्द फारसीतून आला असून ‘सीख कबाब’ या पदार्थाच्या नावात तो रूढ आहे. अणकुचीदार सळईला संस्कृतात ‘शूल’ म्हणत. पाणिनीच्या अष्टाध्यायीत ‘शूलोखाद्यत्’ (४.२.१७) असे सूत्र असून त्यानुसार शूलावर भाजलेल्या अन्नाला ‘शूल्य’ आणि उखेत, म्हणजे भांड्यात, शिजवलेल्या अन्नाला ‘उख्य’ हे शब्द सिद्ध होतात.

इतिहास

उघड्या विस्तवावर मांस भाजण्याची रीत महाराष्ट्रात फार जुनी आहे. पुणे जिल्ह्यातील कोरेगाव भीमा ज्या शिरूर तालुक्यात आहे, त्याच तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव हे ताम्रपाषाणयुगीन स्थळ आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तेथे उत्खनन केले. त्यात घरांचे अवशेष, चुली, अग्निकुंडे आणि कापल्याच्या खुणा असलेली प्राण्यांची हाडे आढळली. त्या काळी तांबे दुर्मीळ असल्याने धातूचा वापर मोजक्या वस्तूंपुरताच होत असे.

कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातील संस्कृत ग्रंथात शूलावर भाजलेल्या मांसाच्या कृती दिल्या आहेत. कल्याणी म्हणजे आजच्या कर्नाटकातील बसवकल्याण होय. फाळणीनंतर दिल्लीतील ‘मोती महल’ या उपाहारगृहामुळे तंदुरी कोंबडी देशभर लोकप्रिय झाली आणि पुढे महामार्गांवरील ढाब्यांमधून तंदूर महाराष्ट्रातही सर्वत्र पोहोचला. मुंबईतील मोहम्मद अली मार्गावर रमजानच्या महिन्यात निखाऱ्यांवर भाजल्या जाणाऱ्या सीख कबाबांची परंपरा प्रसिद्ध आहे. गॅसवर ठेवायचा तंदूर, विजेचा तंदूर आणि छोटी शेगडी यांमुळे हा स्वयंपाक आता घरीही केला जातो.

आकार

सळईचा छेद गोल, चौकोनी किंवा चपटा असतो. गोल सळई सर्वांत सहज मिळते, परंतु तिच्यात एक मूलभूत उणीव आहे. भाजताना तुकड्यातील पाणी निघून जाते, तुकडा आकसतो आणि त्यातील छिद्र सैल होते. त्यानंतर सळई फिरवली तरी तुकडा फिरत नाही. त्याची जड बाजू खालीच राहते. परिणामी तीच बाजू पुन्हा पुन्हा निखाऱ्यांकडे येते. चौकोनी सळईच्या कडा तुकड्याला धरून ठेवतात, तर चपट्या सळईवर तुकडा जवळजवळ फिरतच नाही. गोल सळयाच उपलब्ध असल्यास दोन सळया एकमेकींना समांतर धरून तुकडे दोहोंत ओवल्याने ही अडचण दूर होते. कांद्याच्या चकत्या, कोळंबी आणि माशाचे तुकडे यांसाठी ही दुहेरी पद्धत विशेष उपयुक्त ठरते.

पदार्थानुसार सळईची जाडी साधारणपणे पुढीलप्रमाणे निवडली जाते:

- पनीर, अळंबी, कोळंबी: ३ ते ४ मिलिमीटर जाडीची बारीक सळई. जाड सळईने पनीर फुटते.
- कोंबडीचे किंवा मटणाचे तुकडे: ५ ते ६ मिलिमीटरची चौकोनी, किंवा ८ ते १२ मिलिमीटर रुंदीची चपटी सळई.
- खिम्याचे कबाब: ८ ते १० मिलिमीटरची चौकोनी, किंवा त्याहून रुंद चपटी सळई. बारीक सळईवर खिमा स्वतःच्या वजनाने गळून पडतो.

लांबी ठरवताना भाजण्याचे साधन आधी मोजावे लागते. उपाहारगृहातील मातीच्या तंदूरमध्ये सळई उभी ठेवली जाते. तिचे टोक तळाशी आणि आकडा तोंडाजवळ राहतो. त्यासाठी ती जवळपास एक मीटर लांब असते. घरगुती बंद तंदूरमध्ये सळई आडवी ठेवायची असल्याने ती आतील रुंदीपेक्षा थोडी आखूड असावी लागते. उघड्या शेगडीसाठी मात्र ती दोन्ही बाजूंनी पाच ते आठ सेंटिमीटर बाहेर यावी, म्हणजे तिला टेकू मिळतो आणि ती धरून फिरवता येते. लाकडी मुठीची सळई केवळ उघड्या शेगडीसाठी योग्य असते. बंद तंदूरमध्ये मूठ जळते.

धातू

तंदुरी मसाल्यात दही, लिंबू किंवा व्हिनेगर यांसारखे आंबट घटक आणि मीठ असते. हे मिश्रण धातूवर परिणाम करते. त्यामुळे घरगुती वापरासाठी स्टेनलेस स्टील सर्वाधिक सोयीचे मानले जाते. ‘३०४’ या प्रतीच्या स्टीलमध्ये सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते; म्हणून बाजारात त्याला ‘१८/८’ असेही म्हणतात. ‘४३०’ या प्रतीत क्रोमियम असते, पण निकेल जवळजवळ नसते. ते लोहचुंबकाला चिकटते आणि तुलनेने लवकर गंजते. तरीही व्यवस्थित धुऊन पुसल्यास चालते. ‘चुंबक चिकटत नाही म्हणजे स्टील उत्तम’ हा समज मात्र अपुरा आहे. निकेलऐवजी बरेचसे मँगनीज वापरलेले ‘२०१’ प्रतीचे स्टीलही चुंबकाला सहसा चिकटत नाही, परंतु त्याची गंजरोधकता ‘३०४’ पेक्षा कमी असते.

साधे लोखंड उष्णता चांगली वाहून नेते आणि उपाहारगृहांतील बहुतेक सळया लोखंडाच्याच असतात. त्या रोज वापरात असल्याने तेलकट राहतात. घरी महिन्यातून एकदा वापरली जाणारी लोखंडी सळई मात्र गंजते. आंबट मसाला लावलेले मांस तिच्यावर रात्रभर ओवून ठेवल्यास त्याला काळपट रंग आणि धातूची चव येते.

पितळेच्या सळया दिसायला आकर्षक असतात, परंतु बिनकल्हईच्या पितळेत दही कळकते हा घरोघरीचा अनुभव सळईलाही लागू पडतो. भांड्याला चालणारी कल्हई येथे उपयोगी पडत नाही. कल्हईतील कथील सुमारे २३२ अंश सेल्सियसला वितळते आणि निखाऱ्यांचे तापमान त्याहून कितीतरी अधिक असते. ॲल्युमिनियमची सळई मऊ असल्याने वाकते व आंबट पदार्थांत तिचा अंश उतरतो. न चिकटणारा लेप दिलेल्या सळयाही थेट निखाऱ्यांवर वापरू नयेत, कारण तीव्र उष्णतेत तो लेप विघटित होतो.

धातूची सळई तापून तुकड्याला आतूनही शिजवते, असे सांगितले जाते. ते अंशतः खरे आहे. स्टीलची उष्णतावाहकता मांसापेक्षा पुष्कळ जास्त असली, तरी साध्या लोखंडाच्या सुमारे एकतृतीयांशच असते. त्यामुळे बाहेरून तांबूस दिसणारा तुकडा सळईमुळे आतूनही शिजला असेल असे गृहीत धरता येत नाही.

वापरू नयेत अशा सळया

ऐनवेळी सळई नसल्यास हाताशी असलेली कोणतीही तार किंवा गज वापरण्याची प्रवृत्ती आढळते. कोरेगाव भीमा, सणसवाडी, रांजणगाव यांसारख्या औद्योगिक पट्ट्यांत असे धातूचे तुकडे सहज मिळतात. पुढील वस्तू मात्र अन्नासाठी वर्ज्य आहेत:

- जस्ताचा मुलामा दिलेली तार (जीआय तार): जस्त आंबट पदार्थात विरघळते आणि सुमारे ४२० अंश सेल्सियसला वितळते. ते अतिशय तापल्यास निघणाऱ्या धुराने थंडी वाजून ताप येणे, मळमळ असा त्रास होतो.
- बांधकामाची टीएमटी सळई: तिच्या खाचांमध्ये गंज, तेल आणि अन्नाचे कण साचून राहतात व ती नीट धुता येत नाही.
- वेल्डिंगच्या कांड्या: त्यांवर रासायनिक लेप असतो.
- छत्रीच्या काड्या व सायकलचे आरे: त्यांवर बहुधा मुलामा असतो आणि तो तापल्यावर सुटतो.

मुलामा किंवा लेप घासून काढला तरी तो पूर्णपणे निघाल्याची खात्री करता येत नाही. अशा वेळी अर्धा तास पाण्यात भिजवलेली बांबूची काडी अधिक सुरक्षित पर्याय ठरते.

वापर

ओवण्यापूर्वी सळईला तेलाचा हात लावतात. तुकडे एकाच मापाचे, साधारण तीन ते चार सेंटिमीटरचे असावेत. कोंबडी, कांदा आणि ढोबळी मिरची एकाच सळईवर ओवल्यास चित्र सुरेख दिसते, पण प्रत्येकाला लागणारा वेळ वेगळा असतो. म्हणून भाज्यांची सळई वेगळी ठेवणे श्रेयस्कर असते. मांसाचे तुकडे एकमेकांना घट्ट चिकटवू नयेत. त्यांच्यामध्ये थोडे अंतर असल्यास उष्णता सर्व बाजूंना पोहोचते. उभ्या तंदूरमध्ये तुकडे घसरू नयेत म्हणून शेवटी बटाट्याची किंवा कांद्याची फोड लावण्याची पद्धत आहे.

सीख कबाबासाठी खिमा कोरडा आणि थंड असावा लागतो. कांद्याचे पाणी पिळून काढले नाही, तर खिमा सळईवरून घसरतो. भाजलेले बेसन किंवा डाळ्याचे पीठ घालून मळलेला खिमा अर्धा ते एक तास शीतकपाटात ठेवतात. नंतर ओल्या हाताने तो थंड सळईवर सारख्या जाडीने दाबून बसवतात आणि दोन्ही टोके निमुळती करून बंद करतात. सळई गरम असेल, तर तिच्यालगतची चरबी वितळून खिमा सुटतो.

शेगडीवर ज्वाळा शमून निखाऱ्यांवर राखेचा पातळ थर आल्यावर सळया ठेवतात. निखारे आणि तुकडे यांत आठ ते दहा सेंटिमीटर अंतर पुरते. शिरूर व दौंड भागात हिवाळ्यात हुरडा भाजण्यासाठी शेतात गोवऱ्यांची आगटी केली जाते. आगटीची राखेखालची मंद धग कणसांना पोषक असली, तरी सळईवरील तुकड्यांना उघड्या निखाऱ्यांची प्रखर आच लागते. त्यासाठी कोळशाचे निखारे वेगळे करून त्यांच्या दोन्ही बाजूंना कोरड्या विटा रचतात व त्यांवर सळया टेकवतात. नदीपात्रातून आणलेले दगड या कामी वापरू नयेत. त्यांच्यात मुरलेल्या पाण्याची वाफ होऊन ते तडकतात आणि कपच्या उडतात.

पदार्थ शिजला की नाही, हे रंगावरून ठरत नाही. हळद, तिखट व खाद्यरंग यांमुळे तंदुरी पदार्थ कच्चा असतानाही लालसर दिसतो. कोंबडीच्या तुकड्याचे आतील तापमान ७४ अंश सेल्सियस, तर मटणाच्या खिम्याचे ७१ अंश सेल्सियस होणे आवश्यक मानले जाते. तापमापकाचे टोक सळईला टेकल्यास आकडा चुकीचा दिसतो. म्हणून तुकडा सळईवरून उतरवून मोजावे. तापमापक नसल्यास सर्वांत जाड तुकडा कापून पाहतात. आत कच्चा गुलाबी भाग नसावा आणि निघणारा रस स्वच्छ असावा. कच्च्या मांसाला लावलेला उरलेला मसाला भाजलेल्या तुकड्यांवर फासू नये. त्यासाठी तेल किंवा लोणी वेगळे ठेवावे.

सुरक्षितता

कोळशाच्या निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड हा रंगहीन व गंधहीन विषारी वायू बाहेर पडतो. धूर दिसत नसला तरी हा वायू निघत असतो. त्यामुळे कोळशाची शेगडी खोलीत, बंदिस्त गच्चीत किंवा काचा लावलेल्या सज्जात पेटवू नये आणि भाजणे संपल्यावर ऊब मिळावी म्हणून ती घरात आणू नये. डोके दुखणे, चक्कर येणे, मळमळणे ही विषबाधेची आरंभीची लक्षणे असून ती दिसताच मोकळ्या हवेत जाऊन वैद्यकीय मदत घ्यावी.

विस्तवावरून काढल्यानंतरही धातूची सळई बराच वेळ तापलेली राहते. ती चिमट्याने किंवा जाड कोरड्या फडक्याने धरतात. ओल्या फडक्यातून चटका लवकर बसतो. तुकडे पोळीत किंवा नानमध्ये धरून, टोक आपल्यापासून दूर ठेवून ओढून काढतात. सळईवरून थेट दातांनी खाणे, विशेषतः मुलांच्या बाबतीत, धोक्याचे असते. भाजल्यास जखमेवर सुमारे वीस मिनिटे वाहते थंड पाणी सोडावे. तेल, हळद किंवा दंतमंजन लावू नये. मायक्रोवेव्ह लहरींवर चालणाऱ्या भट्टीत धातूच्या सळया ठेवू नयेत.

निगा

वापरानंतर सळया कोमट पाण्यात भिजवल्यास चिकटलेला मसाला सुटतो. स्टीलच्या सळया घासून, पुसून कोरड्या ठेवतात. लोखंडी सळया धुतल्यावर विस्तवावर क्षणभर तापवून त्यांना तव्याप्रमाणे तेलाचा पातळ हात देतात. गंजाचे ठिपके घासून निघत असल्यास सळई पुन्हा वापरता येते. खड्डे पडले असतील किंवा मुलामा सुटत असेल, तर ती काढून टाकावी. टोकांवर बूच लावून सळया मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा जागी ठेवाव्यात.

हे सुद्धा पहा

- तंदूर
- कबाब
- कल्हई
- हुरडा
- इनामगाव